आवारापासून निवारणापर्यंत : विद्यापीठांतील लैंगिक छळाचा प्रतिबंध आणि पाच शब्द

१

झाशीच्या जुन्या शहराभोवती दगडी तट होता आणि त्या तटाला दहा दरवाजे होते. ओरछा, सागर, भांडेर, दतिया अशी त्यांपैकी बऱ्याच दरवाजांची नावे, त्यांतून बाहेर पडणारा रस्ता ज्या गावाकडे जातो त्या गावावरून पडलेली आहेत. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात १८५८ च्या वेढ्याची हकिगत लिहून ठेवली असल्यामुळे मराठी वाचकाला हे शहर परके वाटत नाही. आज तटाचा पुष्कळसा भाग लोपला आहे. दतिया दरवाजा ‘दतिया गेट’ या नावाने आजूबाजूच्या वस्तीची ओळख होऊन राहिला आहे. शहराच्या गरजा बदलल्या तशी नवी आवारे तटाबाहेर उभी राहिली. १९६८ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय, १९७५ मध्ये बुंदेलखंड विद्यापीठ आणि २०१४ मध्ये राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ अशा संस्था येथे स्थापन झाल्या. दतिया गेटच्या वस्तीतून, किंवा राज्याची सीमा ओलांडून थेट दतियाहून, शिकण्यासाठी निघालेली मुलगी ज्या आवारात पाऊल टाकते त्यालाही भिंत असते, दरवाजा असतो, दरवाजावर पहारेकरी असतो.

विद्यापीठांतील लैंगिक छळाला प्रतिबंध कसा करावा, या प्रश्नाचे जे उत्तर प्रथम सुचते ते बहुधा या तटबंदीचेच असते : भिंत उंच करावी, पहारा वाढवावा, वसतिगृहाचे दार लवकर लावावे. हे उत्तर अपुरे का ठरते, हे कायद्याच्या अंगाने अनेकांनी सांगितले आहे. भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकाला त्याकडे आणखी एका अंगाने पाहता येते. या प्रश्नाची चर्चा ज्या शब्दांतून होते त्या शब्दांनीच अनेकदा तटबंदी उभी केलेली असते. कोण दोषी, कोणी सावध राहावे, कोणी गप्प बसावे, याचा निवाडा चौकशीपूर्वीच शब्दाने करून ठेवलेला असतो. प्रस्तुत लेखात अशा पाच शब्दांचा विचार केला आहे : आवार, छेडछाड, विनय, संमती आणि निवारण. झाशीसारख्या, मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांचा संसार पाहिलेल्या शहराच्या निमित्ताने तो करणे सोयीचे आहे. कारण यांतील काही शब्द एका भाषेतून दुसरीत जाताना आपला अर्थ बदलतात.

२

‘आवार’ या शब्दात वेढून घेण्याची कल्पना मूळचीच आहे. वाड्याचे आवार, देवळाचे आवार, शाळेचे आवार असे म्हणताना कुंपणाच्या आतली जागा अभिप्रेत असते. ‘आवारात सुरक्षितता हवी’ या साध्या वाक्यातही धोका बाहेरून येतो, हे गृहीत धरलेले असते. नगराच्या तटाला हे गृहीत लागू पडत असे. विद्यापीठाला ते फारसे लागू पडत नाही. तेथे ज्याच्या हातात गुण असतात, प्रबंधावरची सही असते, शिष्यवृत्तीची शिफारस असते, तो आतलाच असतो. वर्गातला सोबती आतला असतो आणि वसतिगृहाचा कर्मचारीही आतला असतो. ११ ऑक्टोबर २०२० रोजी झाशीतील एका तंत्रनिकेतनात स्पर्धापरीक्षेचे केंद्र असतानाच, त्याच आवारातील वसतिगृहात एका अल्पवयीन मुलीवर सामूहिक बलात्कार झाल्याची तक्रार नोंदली गेली. त्या प्रकरणी अटक झाली ती त्याच संस्थेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना. मुलगी बाहेरची होती आणि आरोपी आतले होते. त्या दिवशी परीक्षेमुळे आवारात नेहमीपेक्षा अधिक देखरेख असणार. तरीही भिंतीने संरक्षण दिले ते कोणाला, हा प्रश्न उरतोच.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ चे म्हणून ओळखले जाणारे विनियम २ मे २०१६ रोजी राजपत्रात प्रसिद्ध केले. त्यांत आवाराची व्याख्या भिंतीवर थांबत नाही. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, उपाहारगृह यांच्याबरोबरच संस्थेने पुरविलेले वाहन, क्षेत्रभेट, अभ्याससहल, प्रशिक्षणासाठी गेलेले ठिकाण, शिबिर, क्रीडास्पर्धा आणि सांस्कृतिक महोत्सव यांचाही समावेश त्या व्याख्येत आहे. विद्यार्थी ज्या ज्या ठिकाणी विद्यार्थी म्हणून वावरतो तेथपर्यंत संस्थेचे उत्तरदायित्व पोहोचते, असा तिचा आशय आहे. त्याच विनियमांत आणखी एक दंडक आहे, आणि त्याची आठवण फार थोड्या वसतिगृहांत ठेवली जाते : विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचे कारण पुढे करून त्यांच्यावर मुलांहून वेगळे, भेदभावाचे नियम लादता येत नाहीत, आणि सुरक्षिततेचे धोरण हे पाळत ठेवण्याचे व हालचालींवर बंधने घालण्याचे साधन होता कामा नये. आयोगाच्याच कृतिदलाने २०१३ मध्ये ‘सक्षम’ या नावाने जो अहवाल दिला त्याचीही दिशा हीच होती.

या व्यापक आवाराची जाणीव मराठीला अगदी नवी आहे असे नाही. अमेरिकेस वैद्यकीय शिक्षणासाठी जाण्यापूर्वी आनंदीबाई जोशी यांनी १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील सेरामपूर येथील महाविद्यालयात इंग्रजीत एक भाषण केले. त्यात मुंबईत शाळेला जाता-येता लोकांकडून झालेल्या टवाळीचा त्यांनी उल्लेख केला. त्यांच्या अनुभवातला त्रास शाळेच्या खोलीत नव्हता, वाटेवर होता. शिक्षण सोडायला लावण्याची शक्ती मात्र त्या वाटेत पुरेपूर होती. शिक्षणाची वाट ही शिक्षणाचाच भाग आहे, ही गोष्ट विनियमांत येण्यास त्यानंतर एकशे तेहतीस वर्षे लागली.

३

वाटेवरच्या या त्रासाला उत्तर भारतातील दैनिके ‘छेड़खानी’ म्हणतात, मराठी दैनिके ‘छेडछाड’ म्हणत आली आहेत. हा शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. सतारीची तार छेडली जाते, सूर छेडला जातो. दोन्ही भाषांत या क्रियापदाला संगीताचा आणि क्रीडेचा स्पर्श आहे. त्यामुळे ‘छेडछाड’ म्हटले की कृत्य हलके होते, करणारा खोडकर ठरतो आणि जिच्या बाबतीत ते घडले ती स्त्री त्या खेळातली एक बाजू होऊन बसते. करणाऱ्याला मिळालेली नावेही अशीच प्रेमकथांच्या दालनातून आली आहेत. त्याला ‘मजनू’ म्हणतात, ‘मनचला’ म्हणतात. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात नेमलेल्या पोलीस पथकांच्या नावात शेक्सपिअरचा रोमिओ आला. मजनू आणि रोमिओ हे दोघेही प्रतिसाद देणाऱ्या प्रेयसीसाठी प्राण देणारे नायक आहेत. अनोळखी मुलीची वाट अडविणाऱ्याला त्यांचे नाव देण्यात त्या नायकांवर अन्याय आहे आणि त्या मुलीवर त्याहून मोठा अन्याय आहे. इंग्रजीच्या भारतीय वापरातील ‘ईव्ह-टीझिंग’ हाही याच जातीचा शब्द. तामिळनाडूने १९९८ मध्ये केलेल्या कायद्याच्या मूळ नावात तो होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये लिंगभावविषयक रूढ समजुतींसंबंधी जी पुस्तिका प्रसिद्ध केली तिने तो टाकून ‘रस्त्यावरील लैंगिक छळ’ या अर्थाचा शब्दप्रयोग करावा असे सुचविले.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे आपल्या घराकडेही पाहावे लागते. वाट अडविणारा कृष्ण आणि तक्रार करणाऱ्या गौळणी हा मराठी गौळणीचा, तसाच ब्रज व बुंदेली काव्याचा आवडता प्रसंग आहे. झाशीजवळच्या ओरछा दरबारात केशवदासाने १५९१ मध्ये ‘रसिकप्रिया’ रचली आणि नायिकाभेदाची परंपरा हिंदीत दृढ केली. झाशीच्या परिसरातलाच लोककवी ईसुरी याने आपल्या फागांतून ‘रजऊ’ला अजरामर केले. या काव्यात स्त्रीचा नकार हा लटका असतो, कारण तेथे नायक-नायिकेचे नाते कवीने आधीच ठरवून दिलेले असते. गौळणीत तर ते जीव आणि शिव यांचे नाते असते. काव्यातला हा संकेत काव्याबाहेर नेला की ‘नाही’ म्हणजे ‘होय’ हा अत्यंत घातक समज तयार होतो. या कविता अभ्यासक्रमातून काढून टाकाव्यात असा याचा अर्थ नव्हे. संकेत हा संकेत म्हणून शिकविला जातो की त्याच्या आडून वर्गातील मुलींकडे पाहून हशा पिकविला जातो, एवढाच प्रश्न आहे. आणि शृंगाररस शिकविणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला तो रोज सोडवावा लागतो. लैंगिक अर्थाची शेरेबाजी हा छळाचाच प्रकार असल्याचे कायद्यात नमूद आहे. ती काव्यविवेचनाच्या सुरात केली म्हणून तिचे स्वरूप पालटत नाही.

४

छेडछाड हा लोकांचा शब्द, तर ‘विनयभंग’ हा कायद्याचा. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३५४ साठी मराठीत तो रूढ झाला; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो अपराध कलम ७४ मध्ये आहे. या शब्दात विनय स्त्रीचा असतो आणि भंग दुसरा कोणी करतो. विनय ही जणू तिच्याजवळची ठेव. ती फुटली की नुकसान तिचे. मग चौकशीही ठेवीचीच होते : विनय मुळात होता का, किती होता, तिचे वागणे विनयाला धरून होते का. या तर्काचे टोक ‘पंजाब राज्य विरुद्ध मेजर सिंग’ या खटल्यात दिसले. साडेसात महिन्यांच्या बालिकेवरील अत्याचाराच्या त्या प्रकरणात, इतक्या लहान जीवाला विनयाची जाणीव नसल्याने विनयभंग होऊ शकत नाही, असे उच्च न्यायालयाने मानले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये बहुमताने तो निर्णय फिरविला. शब्दाने निर्माण केलेली अडचण दूर करण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला श्रम घ्यावे लागले.

‘विनय’ या शब्दाला आणखी एक, फार जुना अर्थ आहे : शिस्त, आचारनियम. विनयपिटक म्हणजे बौद्ध भिक्षुसंघाच्या नियमांचा संग्रह. मराठी वाचकाला संघाच्या या नियमांची ओळख धर्मानंद कोसंबी यांनी ‘बौद्ध संघाचा परिचय’ या ग्रंथातून करून दिली. त्यातील ‘संघादिसेस’ नावाच्या गंभीर अपराधांच्या वर्गात ओळीने तीन नियम येतात. कामवासनेने स्त्रीच्या अंगाला स्पर्श करणे हा एक अपराध, तिच्याशी अश्लील बोलणे हा दुसरा, आणि आपली कामसेवा करण्यातच तिचे पुण्य आहे असे तिला सुचविणे हा तिसरा. स्पर्श, भाषा आणि मागणी ही विभागणी पाहिली की १९९७ च्या विशाखा निर्णयातील व्याख्येची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. शारीरिक स्पर्श व जवळीक, लैंगिक सुखाची मागणी, लैंगिक अर्थाची शेरेबाजी, अश्लील चित्रांचे प्रदर्शन आणि अन्य कोणतेही नकोसे वर्तन असे त्या व्याख्येचे घटक आहेत. तिसरा नियम तर विशेष लक्षणीय आहे. ज्याच्याकडे धर्माचा अधिकार आहे त्याने त्या अधिकाराच्या भाषेत केलेली मागणी त्याने वेगळी ओळखली आहे.

या नियमांतील आणखी दोन गोष्टी नोंदण्यासारख्या आहेत. अपराध लपवून ठेवला तर जितके दिवस लपविला तितक्या दिवसांचा जादा ‘परिवास’ त्या भिक्षूला भोगावा लागे. म्हणजे मौनाचीही किंमत मोजावी लागे. आणि ‘अनियत’ या वर्गात, भिक्षू स्त्रीबरोबर एकान्तात बसल्याचे विश्वासार्ह उपासिकेने सांगितले तर त्यावरून विचारणा सुरू होई. त्या नियमाच्या उगमकथेत ज्या उपासिकेने भिक्षूला प्रथम टोकले तिचे नाव विशाखा आहे. १९९७ च्या निर्णयाला नाव मिळाले ते ज्या संस्थेने याचिका केली तिच्यावरून, आणि मराठी महाविद्यालयांत तक्रार समितीला आजही सर्रास ‘विशाखा समिती’ म्हणतात. हा नावांचा योगायोग आहे. त्यावर इतिहासाचा डोलारा उभारता येणार नाही. विनयपिटकाची काळजी भिक्षूच्या ब्रह्मचर्याची आणि संघाच्या लौकिकाची होती, स्त्रीच्या हक्काची नव्हती, हेही विसरता येत नाही. परंतु शब्दाच्या दृष्टीने त्यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. तेथे विनय हा अधिकार असणाऱ्याचा आहे, आणि तो मोडतो तोही तोच. या अर्थाने ‘विनयभंग’ वाचला तर प्रश्न उलटा होतो : भंग झाला तो कोणाच्या विनयाचा?

हा उलटा प्रश्न मराठीत निर्भयपणे विचारला तो बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यानंतर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर झोड उठली, तेव्हा १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली आणि जे दोष स्त्रियांना लावले जातात ते पुरुषांत अधिक आहेत की नाहीत, हे एकेक करून तपासले. चौकशीचा रोख ज्याच्याकडे वळला पाहिजे त्याच्याकडे त्यांनी वळविला. ‘विनयभंग’ जाऊन ‘लैंगिक छळ’ हा शब्द विद्यापीठांच्या व्यवहारात आला, त्यामागची दृष्टी हीच आहे. छळ ही कृती आहे, तिला कर्ता आहे, आणि ती सिद्ध करण्यासाठी जिचा छळ झाला तिच्या चारित्र्याचा पंचनामा करण्याचे कारण उरत नाही.

५

चौथा शब्द ‘संमती’. ‘ती तेव्हा काही बोलली नाही’ हे वाक्य तक्रार समितीसमोर वारंवार येते. या वाक्याला विद्यापीठांतूनच फार मोलाचे उत्तर दिले गेले आहे, आणि त्यात मराठी अध्यापकांचा वाटा आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यावर त्या निकालाचा भर होता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमती आणि शरणागती या भिन्न गोष्टी आहेत. प्रत्येक संमतीत मान तुकविणे असेल, पण मान तुकविली म्हणजे संमती दिली असे होत नाही, असा त्या पत्राचा गाभा होता. देशभर चळवळ झाली आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली.

हा भेद पोलीस कोठडीपुरता नाही. संशोधक विद्यार्थिनी आणि तिचा मार्गदर्शक यांच्या नात्यात तो रोज लागू पडतो. पाच-सहा वर्षांचे काम, शिष्यवृत्तीचा हप्ता, प्रबंधाचा स्वीकार आणि पुढे नोकरीसाठीचे शिफारसपत्र या साऱ्यांवर एकाच व्यक्तीची सही लागते. साहित्यविभागात तर चर्चा मार्गदर्शकाच्या घरी होते, हस्तलिखितांसाठी प्रवास बरोबर होतो, आणि गुरुशिष्यभावाची भाषा या सर्वावर पांघरूण घालते. अशा स्थितीत मौनाचे दहा अर्थ संभवतात, आणि संमती हा त्यांतला सर्वांत दुर्मीळ अर्थ असतो. विनियमांनी संमतीचा शोध घेण्याऐवजी ‘नकोसे वर्तन’ ही कसोटी ठेवली आहे ती यासाठीच. लाभाचे आमिष, हानीची धमकी आणि भीतीचे वातावरण यांचा त्यांत स्वतंत्र निर्देश आहे. संशोधक विद्यार्थी विशेष असुरक्षित असल्याचे नमूद करून मार्गदर्शनाची आचारसंहिता करण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे. चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तक्रारदाराचे काम तपासू नये किंवा तिचे मूल्यमापन करू नये, अशी तरतूद आहे. मार्गदर्शक बदलून मिळण्याची वाट आधीपासून खुली असेल, तर अनेक तक्रारींची वेळच येणार नाही.

६

अखेरचा शब्द ‘निवारण’, आणि येथे मराठी व हिंदी यांची गंमतीची, पण परिणामाने गंभीर अशी फारकत होते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळासंबंधीचा २०१३ चा अधिनियम हिंदीत ‘निवारण, प्रतिषेध और प्रतितोष’ अशा तीन पदांनी ओळखला जातो. मराठीत तीच तीन पदे ‘प्रतिबंध, मनाई आणि निवारण’ अशी येतात. हिंदीत निवारण म्हणजे घडू न देणे, मराठीत निवारण म्हणजे घडल्यावर दाद देणे. झाशीच्या एखाद्या संस्थेच्या फलकावरील ‘निवारण’ मराठी घरात वाढलेली मुलगी वाचील तेव्हा तिला निराळाच अर्थ लागेल. तथापि कायद्याच्या रचनेकडे पाहिले तर या दोन अर्थांत अंतर फारसे उरत नाही, असे दिसते. जेथे दाद खात्रीने मिळते तेथेच पुढचा छळ टळतो; निवारणाची मराठी बाजू पक्की असेल तरच त्याची हिंदी बाजू खरी ठरते.

ही दाद देणारी यंत्रणा म्हणजे अंतर्गत तक्रार समिती. विद्यापीठात प्राध्यापकाहून कमी दर्जाची नसलेली अध्यापिका तिची अध्यक्ष असते. दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि बाहेरच्या स्वयंसेवी क्षेत्रातील एक व्यक्ती तिच्यात असतात. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. किमान निम्मे सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा अधिकारपदावरील व्यक्तींना सदस्य होता येत नाही. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करावी लागते. सबळ कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. सात दिवसांत तक्रारीची प्रत प्रतिपक्षाला द्यायची, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचे, नव्वद दिवसांत चौकशी पुरी करायची, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल द्यायचा आणि तीस दिवसांत संस्थेने कारवाई करायची, असा क्रम आहे. पैशाची तडजोड वर्ज्य आहे. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

या तरतुदी सहजासहजी मिळालेल्या नाहीत. विशाखा निर्णयातील मार्गदर्शक तत्त्वे पाळली जात नाहीत हे पुण्याच्या ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी एका पत्राने सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आणले. त्या पत्राची याचिका झाली, २००४ मध्ये समितीचा अहवाल हाच खात्यांतर्गत चौकशीचा अहवाल मानावा असा आदेश झाला आणि २०१२ मध्ये अंतिम निकाल लागला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ पासून निवडणुकीने घडणारी अशी समिती काम करीत होती; २०१७ मध्ये ती विसर्जित करून विनियमांनुसार नवी समिती नेमण्यात आली. निवडलेली समिती अधिक विश्वासार्ह की नेमलेली, हा त्या वेळचा वाद आजही शिळा झालेला नाही.

यंत्रणा असूनही दाद कशी निसटते याचे उदाहरण गोवा विद्यापीठाने पुरविले आहे. तेथील एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने अत्यंत घाईने बैठकांमागून बैठका उरकून त्याच वर्षी अहवाल दिला आणि २०१० मध्ये त्या अध्यापकाला बडतर्फ करण्यात आले. उच्च न्यायालयात ही कारवाई टिकली. परंतु १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. बचावाची पुरेशी संधी न देता झालेली चौकशी नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे सांगून न्यायालयाने प्रकरण पुन्हा समितीकडे पाठविले. शिवाय देशभर समित्यांची स्थिती तपासण्याचे आदेश दिले. आरोप खरे की खोटे हा प्रश्न चौदा वर्षांनंतर पुन्हा आरंभापाशी येऊन उभा राहिला. समितीचा हेतू चांगला असेल. पण घाईने केलेल्या चौकशीत प्रतिपक्षाइतकीच तक्रार करणाऱ्या मुलींचीही हानी झाली. नियम पाळणे म्हणजे आरोपीला सवलत देणे, हा समज या उदाहरणापुरता तरी टिकत नाही. कार्यपद्धतीची काटेकोर नोंद हेच तक्रारदाराचे सर्वांत भक्कम संरक्षण असते.

नोंदीच्या या कामात भाषेच्या अभ्यासकाला थेट करण्यासारखे काही आहे. विनियमांतील कलमे मुळात इंग्रजीच्या घडणीची आहेत; तक्रार मात्र मनात मातृभाषेत उमटते. मराठी मुलगी ‘सर त्रास देतात’ एवढेच म्हणते, बुंदेलखंडातील मुलगी ‘परेशान करते हैं’ म्हणते. ‘त्रास’ या एका शब्दात कधी रात्रीचे दूरध्वनी असतात, कधी खांद्यावर ठेवलेला हात असतो, कधी उघड मागणी असते. समितीला तो शब्द उलगडावा लागतो, पण उलगडताना आपले शब्द तिच्या तोंडी घालता येत नाहीत. तिचे वाक्य तिच्याच भाषेत, तिच्याच क्रमाने उतरवून घ्यावे; कोणते वर्तन कोणत्या कलमात बसते हे त्यापुढे वेगळे लिहावे. जिला लिहिता येत नाही किंवा लिहिण्याचे बळ नाही तिला लेखी तक्रार करण्यास साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्यच आहे. सभ्य भाषांतराच्या नादात अश्लील शब्दाला ‘अनुचित उद्गार’ असे मोघम रूप दिले की पुरावा पुसला जातो, हे अनुवाद शिकविणाऱ्यांना निराळे सांगण्याची गरज नसावी.

प्रत्येक विद्यापीठात एक तरी भाषाविभाग असतो. समितीची रचना, मुदती, तक्रारीचा नमुना आणि अपिलाची वाट या चार गोष्टी तेथील विद्यार्थ्यांच्या बोलीला जवळच्या अशा भाषेत, दोन पानांत, निःसंदिग्धपणे लिहून देणे हे काम त्या विभागाला एका सत्रात करता येईल. त्या दोन पानांत ‘छेडछाड’ आणि ‘अब्रू’ हे शब्द नसावेत, ‘निवारण’ कोणत्या अर्थाने वापरले आहे ते सांगितलेले असावे, आणि समितीच्या सदस्यांची नावे प्रत्येक नव्या नियुक्तीबरोबर बदललेली असावीत. ती पाने प्रवेशाच्या अर्जाबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याच्या, मुलांच्याही, हाती पडावीत.